शाळा उघडी ठेवावी की बंद? न्यूयॉर्क, १९१८

साथीच्या काळात शाळा चालू ठेवाव्यात का, आणि बंद केल्या तर पुन्हा केव्हा उघडाव्यात, हा प्रश्न २०२० ते २०२२ या काळात आपल्यापैकी प्रत्येकाने जवळून पाहिला. शाळा सुरक्षित आहे की नाही, एवढेच पालक विचारत होते, आणि उत्तर हो किंवा नाही असेच हवे होते. हाच प्रश्न १९१८ साली अमेरिकेतील शहरांपुढे उभा राहिला होता. बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. तीन शहरांनी केल्या नाहीत. त्यांतले सर्वांत मोठे शहर न्यूयॉर्क. तिथल्या निर्णयाची हकिकत पाहिली, तर हा प्रश्न कसा विचारावा हे समजायला मदत होते.

१९१८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इन्फ्लुएन्झाची दुसरी आणि सर्वांत भयंकर लाट सुरू झाली. पहिले महायुद्ध चालू होते. लष्करी छावण्या, बंदरे आणि आगगाड्या यांच्या वाटेने साथ झपाट्याने पसरली. रोगाचे कारण त्या वेळी माहीत नव्हते. बरेच डॉक्टर फायफर यांनी १८९२मध्ये वर्णन केलेल्या एका जिवाणूला दोषी धरत होते. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करता आला तो १९३३ साली. म्हणजे लस नाही, औषध नाही, तपासणीची चाचणी नाही, आणि शत्रू कोण तेही ठाऊक नाही. हातात फक्त जुने उपाय होते. रोग्याला वेगळे ठेवणे, गर्दी टाळणे आणि खिडक्या उघडणे. शाळा बंद करणे हा गर्दी टाळण्याचाच एक भाग, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकामागून एक शहरे शाळांना कुलपे लावू लागली. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन यांनी मात्र तसे केले नाही.

न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त होते डॉ. रॉयल कोपलंड. ते नेत्ररोगाचे आणि होमिओपॅथीचे डॉक्टर होते, राजकारणात मुरलेले होते आणि पुढे सिनेटर झाले. या पदावर येऊन त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शहरात सुमारे दहा लाख शाळकरी मुले आहेत, आणि त्यांतली पाऊण हिस्सा मुले दाटीच्या भाड्याच्या इमारतींत राहतात. शाळा बंद केली, तर ती मुले त्या खोल्यांत, जिन्यांवर आणि रस्त्यांवर असतील. तिथे त्यांच्याकडे कोणी पाहणार नाही. शाळेत हवेशीर वर्ग आहेत, आणि रोज सकाळी कोणीतरी मुलाचा चेहरा पाहते.

या युक्तिवादातील 'दाटीच्या इमारती' म्हणजे काय, हे मुंबईच्या चाळी पाहिलेल्यांना फार समजावून सांगावे लागणार नाही. पण न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत एक गोष्ट आणखी वाईट होती. आतल्या कित्येक खोल्यांना बाहेर उघडणारी खिडकीच नसे. १९०१च्या कायद्याने नव्या इमारतींवर उजेड आणि वारा यांची सक्ती केली, परंतु जुन्या इमारती तशाच उभ्या होत्या आणि भरलेल्या होत्या. उलट शाळांच्या बांधकामात त्या काळी मोठी सुधारणा झाली होती. शालेय इमारतींचे प्रमुख वास्तुविशारद चार्ल्स स्नायडर यांनी इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराच्या शाळा बांधायला सुरुवात केली होती. दाटीच्या वस्तीत मधल्याच एखाद्या जागेवर शाळा उभारायची झाली, तर शेजारच्या भिंती उजेड अडवतात. 'एच'च्या दोन्ही बाजूंना अंगण सोडले, की वर्गांना मोठ्या खिडक्या ठेवता येतात. १९०८ साली प्रॉव्हिडन्स शहरात क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी सताड उघड्या खिडक्यांचा वर्ग सुरू झाला होता, आणि तसे वर्ग न्यूयॉर्कमध्येही होते. तेव्हा 'हवेशीर शाळा' हा कोपलंड यांचा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. अर्थात सगळे वर्ग काही असे नव्हते. पटसंख्या फुगल्यामुळे अनेक शाळा पाळ्यांमध्ये भरत आणि वर्ग खच्चून भरलेले असत. आयुक्तांच्या निवेदनात चित्र असते त्याहून जरा उजळच दिसते.

पण हवेपेक्षा महत्त्वाचा भाग दुसरा होता. शाळेत मुलाकडे पाहणारे कोणीतरी आहे, हा. हे 'कोणीतरी' साथीच्या आठवड्यात उभे राहिलेले नव्हते. त्यामागे वीस वर्षांचे काम होते, आणि या इतिहासातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे.

शाळेत डॉक्टर पाठवून मुलांची तपासणी करण्याची पद्धत बॉस्टनने १८९४मध्ये आणि न्यूयॉर्कने १८९७मध्ये सुरू केली. न्यूयॉर्कने त्यासाठी अर्धवेळ काम करणारे १५० डॉक्टर नेमले. घटसर्प, गोवर, स्कार्लेट फीवर, खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा, यांपैकी काही आढळले की मुलाला घरी पाठवायचे. कागदावर योजना चोख होती. प्रत्यक्षात काय झाले? मूल चिठ्ठी घेऊन घरी जाई. आईला ती इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नसे, कारण ती इटलीतून किंवा पूर्व युरोपातून नुकतीच आलेली. उपचार कोणी करत नसे. आणि दुपारी तेच मूल शाळा सुटल्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळत असे. परिचारिका लिलियन वॉल्ड यांनी एका बारा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहून ठेवली आहे. डोक्यावरच्या फोडांमुळे त्याला दर वेळी शाळेतून परत पाठवले जाई, आणि त्यामुळे त्याचे शिक्षणच झाले नव्हते. फोड बरे करण्यासारखे होते. फक्त ते बरे करणे हे कोणाचेच काम नव्हते.

१९०२च्या ऑक्टोबरमध्ये वॉल्ड यांच्या संस्थेने लीना रॉजर्स या परिचारिकेला एक महिन्यासाठी चार शाळांत पाठवले. रॉजर्स किरकोळ आजारांवर शाळेतच मलमपट्टी करत आणि मुलाला वर्गात परत बसवत. ज्यांना घरी पाठवावे लागे, त्यांच्या घरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते दाखवून देत. प्रयोग इतका उपयोगी ठरला, की शहराने लगेच आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२मध्ये तपासणीनंतर शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ती १,१०१ झाली. एका वर्षात रोग नव्वद टक्क्यांनी कमी झाले असे नव्हे. रोगी मुलाचे काय करायचे, याचे उत्तर बदलले होते.

१९०८ साली शहराने बालआरोग्याचा स्वतंत्र विभाग काढला. त्याच्या प्रमुख होत्या डॉ. सारा जोसेफिन बेकर. रोगाची लक्षणे नसताना टायफॉइडचे जंतू पसरवणाऱ्या 'टायफॉइड मेरी' या स्वयंपाकिणीची गोष्ट अनेक शिक्षक वर्गात सांगतात. तिला १९०७मध्ये पकडून रुग्णवाहिकेत बसवणाऱ्या डॉक्टर त्याच बेकर. निरोगी दिसणारा माणूसही रोग पसरवू शकतो, हे त्यांच्याइतके जवळून क्वचितच कोणी पाहिले असेल. तरीही १९१८मध्ये शाळा उघड्या ठेवाव्यात असा आग्रह कोपलंड यांच्याकडे धरणाऱ्यांत त्या पुढे होत्या. शहरातील एका वयोगटावर रोज नजर ठेवण्याची सोय आपल्याकडे तयार आहे, आणि नेमकी साथ आल्यावर ती मोडायची का, असा त्यांचा प्रश्न होता.

हेच शहर शाळा कधीच बंद करत नव्हते असे मात्र नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९१६च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये पोलिओची मोठी साथ आली. सुमारे ९,००० रुग्ण आणि सुमारे २,४०० मृत्यू, त्यांत बहुसंख्य अगदी लहान मुले. तेव्हा शाळा उघडण्याची तारीख पुढे ढकलून २५ सप्टेंबर करण्यात आली होती. सोळा वर्षांखालील मुलांना दाखल्याशिवाय शहराबाहेर जाता येत नव्हते. तेच शहर, तोच आरोग्य विभाग, त्याच बेकर, आणि निर्णय मात्र दोन. कारण रोग दोन प्रकारचे होते. पोलिओ मुलांनाच गाठत होता आणि मुलांनाच पंगू करत होता. शिवाय तेव्हा सुट्टी चालूच होती. ती लांबवणे आणि भरलेली शाळा मोडणे, यांत फरक आहे.

आता १९१८च्या शाळेतली सकाळ पाहू. नियम असे होते. मुलांनी शाळेसमोर घोळके करायचे नाहीत, आल्याबरोबर थेट आपल्या वर्गात जायचे. शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे पाहायचे. डोळे लाल आहेत का, नाक गळते आहे का, खोकला, शिंका, अंग गरम? संशय आला तर मुलाला वेगळे बसवून आरोग्य विभागाच्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला कळवायचे. त्यांनी मुलाला घरी पोचवायचे, आणि पोचवल्यावर घर पाहायचे. आजाऱ्याला वेगळे ठेवता येईल अशी जागा घरात असेल तर घरीच उपचार, नसेल तर रुग्णालय. शाळा सुटली की मुलांनी थेट घरी जायचे. गैरहजर मुलांच्या घरीही चौकशी व्हायची. शाळा सुरक्षित आहे हे गृहीत धरलेले नव्हते. ती रोज सकाळी तपासून घ्यायची होती.

शाळेबाहेरही न्यूयॉर्कने एक वेगळाच उपाय केला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुकाने, कचेऱ्या, कारखाने आणि नाटकगृहे यांच्या वेळा मागेपुढे केल्या, म्हणजे भुयारी रेल्वेतली गर्दी विभागली जाईल. सप्टेंबरच्या मध्यापासून इन्फ्लुएन्झाचा प्रत्येक रुग्ण कळवणे डॉक्टरांना बंधनकारक केलेले होतेच. अर्थात हे सगळे करूनही साथ थांबली नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात शहरात एकेका दिवशी आठशेच्या घरात मृत्यू होत होते.

टीका अर्थातच झाली, आणि ती नुसत्या घाबरलेल्या लोकांची नव्हती. शहराच्या एका माजी आरोग्य आयुक्तानेही या व्यवस्थेवर बोट ठेवले. युद्धामुळे डॉक्टर आणि परिचारिका मोठ्या संख्येने सैन्याबरोबर गेलेल्या. उरलेल्यांवर साथीचा सगळा बोजा. अशा वेळी दहा लाख मुलांच्या पाठीमागे घरापर्यंत जाणार कोण? आणि पन्नास मुलांच्या वर्गातला शिक्षक प्रत्येक मुलाकडे पाहणार तरी किती वेळ? हे आक्षेप मला रास्त वाटतात. वरचे नियम नियम म्हणून वाचावेत. प्रत्येक शाळेत ते तंतोतंत पाळले गेले असे समजण्याचे कारण नाही. पालकांनीही आपला निर्णय आपणच घेतला. शाळा उघड्या असलेल्या शिकागोत अनुपस्थिती इतकी वाढली, की तिथे 'फ्लूची भीती' अशा अर्थाचा एक नवा शब्दच प्रचारात आला. शाळा उघडी ठेवणे एक, आणि मूल शाळेत येणे दुसरे.

मग निकाल काय लागला? बेकर यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा प्रयोग यशस्वी झाल्याचे लिहिले आहे. पण प्रयोग करणाऱ्याच्या साक्षीवर थांबता येत नाही. हॉवर्ड मार्केल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेतील ४३ शहरांच्या नोंदी तपासल्या आणि साथीच्या २४ आठवड्यांत नेहमीपेक्षा किती जास्त मृत्यू झाले ते काढले. दर लाख लोकसंख्येमागे न्यूयॉर्कमध्ये सुमारे ४५२, बॉस्टनमध्ये ७१०, फिलाडेल्फियात ७४८. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया यांनी शाळा बंद केल्या होत्या. एवढेच आकडे पाहिले, तर शाळा उघड्या ठेवणे बरे, असे कोणीही म्हणेल.

पण तोच तक्ता पुढे वाचावा. सेंट लुईसने शाळा बंद केल्या, तिथे आकडा ३५८. मिनिआपोलिसने बंद केल्या, तिथे २६७. पिट्सबर्गने बंद केल्या, पण ऑक्टोबरचे तीन आठवडे उलटल्यावर, आणि तिथला आकडा ८०७, म्हणजे या सर्वांत वाईट. उघड्या शाळांच्या शिकागोत ३७३, तर तितक्याच उघड्या शाळांच्या न्यू हेवनमध्ये ५८७. वरिष्ठ वर्गांतल्या मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून द्यावेत आणि शाळा बंद करण्याचा परिणाम काय झाला ते शोधायला सांगावे. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात येईल, की या एका गोष्टीवरून शहरांची मांडणीच होत नाही. शहरांनी शाळांखेरीज नाटकगृहे, चर्च, सभा, विलगीकरण असे अनेक निर्णय एकदम घेतले होते, आणि साथ प्रत्येक शहरात वेगवेगळ्या दिवशी पोचली होती. मार्केल यांच्या गटाला जो संबंध आढळला तो असा, की ज्यांनी उपाय लवकर केले, एकापेक्षा जास्त केले आणि जास्त दिवस टिकवले, तिथे मृत्यू कमी झाले. न्यूयॉर्कने शाळा सोडून बाकीचे बरेच काही लवकर केले होते. तेव्हा न्यूयॉर्क शाळांमुळे वाचले, असे म्हणता येत नाही, आणि शाळा उघड्या असूनही वाचले असेल, ही शक्यता नाकारता येत नाही.

आणखी एक माहिती साथीनंतर पुढे आली. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने काही शहरांत घरोघर जाऊन पाहणी केली. आजारी पडण्याचे प्रमाण शाळकरी वयातच फार मोठे होते, पण मृत्यूचे प्रमाण त्याच वयात सर्वांत कमी. मृत्यू जास्त झाले ते अगदी तान्ह्या मुलांत, म्हाताऱ्यांत, आणि या साथीचे वैशिष्ट्य म्हणजे वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांत. म्हणजे १९१८मध्ये 'शाळा मुलासाठी सुरक्षित आहे का' याचे उत्तर बहुधा बरेचसे 'हो' असे आले असते. पण मूल संध्याकाळी घरी जात होते, आणि घरी तीस वर्षांची आई होती. वर्गातला शिक्षकही साधारण त्याच वयाचा. सुरक्षितता कोणाची, हे आधी ठरवल्याशिवाय मोजमाप सुरूच करता येत नाही.

शाळा पुन्हा उघडण्याचा प्रश्न न्यूयॉर्कला पडला नाही. तो पडला बंद करणाऱ्यांना, आणि सेंट लुईसची गोष्ट त्या दृष्टीने वाचनीय आहे. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ यांनी साथ हातपाय पसरत असतानाच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, शाळांसह सार्वजनिक जागा बंद केल्या. शहरातील मृत्यू आटोक्यात राहिले. नोव्हेंबरच्या मध्यावर, युद्ध संपल्याच्या आनंदात, बंदी उठली आणि शाळा भरल्या. दोन आठवड्यांत रुग्ण पुन्हा वाढले. नोव्हेंबरच्या शेवटी शाळा दुसऱ्यांदा बंद झाल्या. ज्या शहरांनी साथ लवकर रोखली, तिथे अजून न लागण झालेली माणसे जास्त उरली होती. बंदी उठताच रोगाला तीच माणसे मिळाली. दुसरी लाट येणे हा पहिल्या बंदीचा पराभव नव्हता, कारण एकूण मृत्यू तरीही कमीच राहिले. पण ते लोकांना पटवणे कठीण होते. मिनिआपोलिसमध्ये तर शालेय मंडळाने आरोग्य अधिकाऱ्याला न जुमानता २१ ऑक्टोबरला शाळा उघडल्या आणि पोलिसांची धमकी मिळाल्यावर त्या लगेच बंद केल्या. अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये शाळा लांबल्या तेव्हा विद्यार्थ्यांना टपालाने अभ्यास पाठवण्याचा खटाटोप झाला. व्हॉट्‌सॲपवर गृहपाठ धाडलेल्या शिक्षकांना त्यातल्या अडचणी सांगायला नकोत.

२०२०मध्ये अमेरिकेत शाळा उघडण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा न्यूयॉर्कचे हे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले गेले. ते देताना एक फरक बऱ्याचदा सुटला. सकाळी चेहरा पाहून आजारी मूल ओळखणे, हा १९१८च्या पद्धतीचा कणा होता. इन्फ्लुएन्झात लागण झाल्यापासून एकदोन दिवसांतच ताप येतो, म्हणून ही चाळणी निदान काही प्रमाणात चालते. कोविड-१९मध्ये लक्षणे यायला जास्त दिवस लागतात, ती दिसण्याआधीच माणूस रोग पसरवू लागतो, आणि मुलांमध्ये तर लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. तिथे शिक्षकाची नजर किंवा फाटकावरचा तापमापक फारसे काही पकडू शकत नाही. खिडक्या उघडणे मात्र दोन्ही रोगांत उपयोगी.

महाराष्ट्रात १५ जुलै २०२१पासून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करताना शासनाने गाव हे माप धरले होते. ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही, तिथे ग्रामपंचायतीच्या संमतीने शाळा. त्यानंतर ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा भरल्या, जानेवारी २०२२मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या, आणि २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या. सेंट लुईससारखेच हे दोनदा झाले. गावाचे माप धरण्यात शहाणपण होते, कारण मूल शाळेबाहेर कुठे असणार आणि तिथे रोग किती, हा हिशेब त्यात आपोआप येत होता. मात्र मुलाकडे पाहणार कोण, या प्रश्नाचे उत्तर शिक्षक एवढेच होते. त्याच शिक्षकांनी आधीच्या वर्षी घरोघर फिरून तापाची आणि ऑक्सिजनची नोंद घेतली होती. आपल्याकडे २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टर आणि परिचारिका यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येते.